स्नूपीचं विमान आणि प्रमाणाचं गणित

चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’मधला स्नूपी १९६५ पासून आपल्या घराच्या छपरावर बसून लढाऊ वैमानिक होतो. त्याचं विमान मनातलं, पण ‘सॉपविथ कॅमल’ हे पहिल्या महायुद्धातलं खरंखुरं विमान. मशीनगनवरच्या आवरणाचा उंचवटा उंटाच्या पाठीसारखा, म्हणून ‘कॅमल’!

मुलांना १:७२ चं मॉडेल करायला द्या. खऱ्या पंखांची लांबी ८.५३ मीटर. भागाकार त्यांनाच करू द्या: जेमतेम ११.८ सेंमी, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीहूनही कमी.

रंग आधी, वरचा पंख शेवटी. तो उभ्या दांड्यांवर टेकवताना हात थरथरतो. गोंद वाळेपर्यंत पुठ्ठ्याचा आधार द्या, पण स्वतः हात घालू नका. (पालकांना हेच जमत नाही!) मग तारांच्या जागी दोरा ताणा. ‘दोन पंख कशाला?’ याचं उत्तर इथेच सापडतं: दांड्या आणि तारांनी बांधलेले दोन हलके पंख मिळून भक्कम चौकट होते.

स्नूपी पडतो आणि पुन्हा उठतो. खऱ्या कॅमलमध्ये पंख्याबरोबर अख्खं इंजिनच फिरायचं, वळताना विमान हातातून निसटायचं. कितीतरी शिकाऊ वैमानिक सरावातच गेले. मोठ्या मुलांना हेही सांगा.