आमच्या घरात टीबी कसा?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. कंपाउंडर दवाखान्याचे शटर ओढत होता, तेवढ्यात दिघ्यातल्याच डोंगराकडच्या वस्तीतले बापलेक आत शिरले. आईचा रिपोर्ट घेऊन आले होते, पण आईला आणले नव्हते. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते. मुलाने कागद टेबलावर ठेवला आणि लगेच विचारले, "डॉक्टर, आईला गावी पाठवू का? बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. पाव्हण्यांना कळलं तर?" बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याकडे कुणी बिडीसुद्धा ओढत नाही हो. आमच्या घरात टीबी कसा?"

हा प्रश्न मी तीस वर्षे ऐकतो आहे. जणू क्षय म्हणजे कुठल्या तरी चुकीची शिक्षा! रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. हा जंतू हवेतून येतो. रुग्ण खोकला, शिंकला की सूक्ष्म कण हवेत तरंगतात आणि बंद खोलीत बराच वेळ राहतात. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे झोपतात, आणि ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ व डास नकोत म्हणून एकुलती एक खिडकीही बंद असते. लोकलच्या डब्याचे तर सांगायलाच नको. आपल्या शेजारच्या कल्याणची कन्या डॉ. आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन आली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयानेच गेली. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. जंतू सापडला होता, औषध मात्र नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले ते 1943 साली.

आता घरचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण आमच्याकडे राहायला होती. तिला मधुमेह. खोकला सुरू झाला. मी आधी खोकल्याची बाटली दिली, मग लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, मी खूश. पुन्हा खोकला, पुन्हा त्याच गोळ्या. ताईची पोलकी सैल झाल्याचे माझ्या पत्नीच्या लक्षात आले, माझ्या नाही. छातीचा फोटो काढला तेव्हा दोन महिने गेले होते. ही औषधे क्षयाच्या जंतूला थोडे दिवस दडपतात, रोग बरा करीत नाहीत आणि निदान मात्र लांबवतात. मधुमेह्याला क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, हेही मला पाठ होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. म्हणून वाचकहो, दोन आठवड्यांवर खोकला गेला, तर डॉक्टर ओळखीचा असो की भाऊ असो, थुंकी तपासायची का, हे तुम्हीच विचारा.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली. चहा झाल्यावर ताईचा कप वेगळा ठेवला. भांड्यांनी क्षय पसरत नाही हे मी रोज दहा जणांना सांगतो, तरी हात तसा गेला. तिने ते पाहिले. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच ताट-वाटी घेऊन मोरीजवळ बसली. ते ताट परत सगळ्यांच्या पंगतीत आणायला पत्नीला आठवडा लागला.

भांडी, कपडे, अंथरूण, हात लावणे यांनी क्षय होत नाही. जपायची ती हवा. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, रुग्णाने तोंडावर मास्क किंवा रुमाल धरावा, बेडका झाकणाच्या डब्यात टाकावा, शक्य तर सुरुवातीला वेगळे झोपावे. योग्य औषधे सुरू झाली की बहुधा दोन-तीन आठवड्यांत लागण करण्याची ताकद पुष्कळ ओसरते. खरा धोका निदानाच्या आधीच्या दिवसांत होऊन गेलेला असतो. 1956 साली मद्रासमध्ये याचा अभ्यास झाला. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, काही त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत. औषधे दोघांनाही सारखी. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. मग आईला गावी धाडून काय मिळणार? औषध मध्येच तुटण्याची भीती तेवढी वाढणार.

साध्या क्षयाला उपचार सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ती फुकट मिळतात. आधी जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतो का, ते यंत्रावर तपासतात. देत नसेल तर उपचार वेगळे. लघवी लालसर होते, त्याला भिऊ नये. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, दिसायला अंधुक लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुसऱ्या महिन्यात भूक लागते, वजन भरते आणि "आता बरी आहे" म्हणून गोळ्या सुटतात. घरच्यांनी लक्ष ठेवायचे ते तिथे.

टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. डाळ, भाकरी, अंडी, शेंगदाणे, चालत असेल तर सुकट, हे घरच्या सगळ्यांना द्या. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबांना दरमहा जादा शिधा दिला, तेव्हा घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. हे 2023 साली प्रसिद्ध झाले. सरकार नोव्हेंबर 2024 पासून रुग्णाच्या खात्यात आहारासाठी महिना 1000 रुपये देते. नोंदणीच्या वेळी बँकेचे पुस्तक बरोबर न्यावे.

आणि घरातल्या प्रत्येकाची तपासणी, पाच वर्षांखालच्या मुलांची सर्वांत आधी. बीसीजी टोचली आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ती लहानग्यांना मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, जन्मभराची हमी देत नाही. ज्यांना रोग नाही त्यांना तो होऊ नये म्हणूनही औषध मिळते.

हे सगळे त्या बापलेकांना सांगितले आणि दुसऱ्या दिवशी घरच्या सगळ्यांना घेऊन यायला सांगितले. आली. मुलगी कोपऱ्यात उभी होती. स्टेथोस्कोप लावला तशी हळूच म्हणाली, "तीन आठवडे झाले, मलाही खोकला आहे. सांगितलं नाही." ओढणीत तोंड दाबून खोकत होती बिचारी. बोलणी मोडू नयेत म्हणून! तिच्याही थुंकीत जंतू निघाले, पण छातीच्या फोटोत डाग लहान आहे. आता मायलेकी रोज सकाळी एकाच वेळी गोळ्या घेतात. पाव्हण्यांना सहा महिने थांबायला सांगा, का ते मीच सांगते, असे तिनेच बापाला सांगितले आहे.