गैरत आणि संशय



पत्नीचा मोबाईल चोरून पाहणारा, ती कुणाशी बोलली याची मुलांकडे चौकशी करणारा आणि अखेर तिच्यावर हात उगारणारा पती आपल्या या वर्तनाला ‘गैरत’ म्हणतो. शरीअत त्याला काय म्हणते, ते आज समजून घेऊ.

दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमधील १२ व्या आयतीत ईमानधारकांना पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्याचा आणि पाळत न ठेवण्याचा आदेश आहे. प्रवासाहून परतणाऱ्याने घरच्यांचे दोष पकडण्याच्या हेतूने रात्री अवचित घरी जाऊ नये, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे. मग मोबाईल चाळणे कोणत्या सदरात मोडते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

“पण मी डोळ्यांनी पाहिले असेल तर?” असे कुणी विचारील. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनीही असेच विचारले होते आणि तलवारीची भाषा केली होती. त्यांच्याहून मी अधिक गैरतमंद आहे आणि अल्लाह माझ्याहूनही अधिक, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, परंतु चार साक्षीदारांची अट शिथिल केली नाही. सूरह नूरनुसार चार साक्षीदारांविना शीलवती स्त्रीवर आळ घेणाऱ्याला ८० फटक्यांची शिक्षा आहे. पतीपाशी साक्षीदार नसतील, तर त्याच्यासाठी ‘लिआन’ आहे. तो चार वेळा अल्लाहची शपथ घेतो आणि पाचव्या वेळी, आपण खोटे असल्यास अल्लाहचा धिक्कार स्वतःवर ओढवून घेतो. पत्नीनेही तशाच शपथा घेतल्या की तिची शिक्षा टळते आणि दोघे विभक्त होतात. विचार करा, प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगणाऱ्यालाही शरीअतने शपथ दिली, काठी नव्हे. मग केवळ संशय घेणाऱ्याला ती कुठून मिळणार?

उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर आळ आला, तेव्हा सुमारे महिनाभर मदिन्यात कुजबुज सुरू होती. प्रेषित (स.) व्यथित होते, परंतु त्यांनी हात उगारला नाही. त्यांनी कधीही कोणत्याही स्त्रीला मारले नाही, याची ग्वाही स्वतः हजरत आयेशांनी दिली आहे. पुढे सूरह नूरच्या आयतींनी त्यांचे निर्दोषत्व जाहीर केले.

बंधूंनो, मन पोखरले जात असेल तर पत्नीशी सरळ बोला; दोन्ही घरच्या जाणत्यांना मध्ये घ्या. न पटल्यास सन्मानाने विभक्त होण्याचा मार्ग खुला आहे. भगिनींनो, मार सोसत राहणे म्हणजे सब्र नव्हे. माहेरच्यांना सांगा, गरज भासल्यास २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण मागा. जुलूम रोखण्यासाठी मदत मागणे हे दीनच्या विरुद्ध नाही.

अल्लाह आपल्या घरांना विश्वासाची आणि करुणेची दौलत देवो. आमीन.