मधुमेह असलेल्या घरासाठी शब्बाथचे हामीन

हिवाळा लागला की बेर्शेबा व दिमोना येथील रात्री अंगाला झोंबतात, आणि शनिवारी दुपारी गरम हामीन हवेसे वाटते. भारतात असताना आपल्यापैकी पुष्कळ घरांत गोमांस शिजत नसे. इकडे आल्यावर शेजाऱ्यांकडून आपण हा पदार्थ शिकलो. परंतु ज्या घरात मधुमेह आहे, तेथे वडीलधाऱ्यांना जेवणाच्या मेजावर वेगळी बेचव वाटी दिली जाते. ती बाजूला सारून ते हळूच मोठ्या पातेल्यातले बटाटे खातात. आमचे म्हणणे असे की, वाटी वेगळी करू नये, पातेलेच बदलावे.

दोष मांसाचा नाही. मांसात साखर चढवणारे पिष्ट जवळजवळ नसतेच. बटाटा व तांदूळ रात्रभर शिजले की त्यांतील पिष्ट लवकर पचते व रक्तातील साखर झपाट्याने वाढते. चणे व सातू यांतही पिष्ट असते, पण तंतूंमुळे ते सावकाश पचते. म्हणून आम्ही बटाटा व तांदूळ वगळतो. रंगासाठी साखर किंवा सिलान घालत नाही. कांदा परतला की रंग आपोआप येतो.

साहित्य (६ माणसांसाठी): ८ नंबरचे मांस, म्हणजे श्रीर, ७५० ग्रॅम, काबुली चणे १५० ग्रॅम, सातू (दुकानातले ग्रिसीम) ६० ग्रॅम, कांदे ३, टोमॅटो २, सलगम ३, गाजरे २, सेलरीच्या २ काड्या, आले-लसूण, हळद, धनेपूड, मिरी, दालचिनी, ४ लवंगा, तेल २ चमचे.

कृती: बुधवारी रात्री चणे भिजत घालावेत. गुरुवारी तेलात कांदा तांबूस परतून आले-लसूण, मसाला व मांसाचे मोठे तुकडे घालावेत. नंतर टोमॅटो, निथळलेले चणे व भरपूर पाणी घालून मंद आचेवर दीड ते दोन तास शिजवावे. निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे. शुक्रवारी वर गोठलेली चरबी काढून टाकावी. मग सातू व भाज्या घालून पाऊण तास उकळावे. पाणी जिनसांच्या वर तीन बोटे असावे, कारण सातू ते शोषून घेतो. मेणबत्त्या लावण्यापूर्वी पातेले झाकून प्लातावर ठेवावे.

कोशेर मांस मिठात ठेवून धुतलेले असते. म्हणून चव घेतल्याशिवाय मीठ घालू नये, आणि सूपची पूड तर नकोच. मांसात दूध चालत नाही म्हणून नारळाचा रस आपल्या हाताला सवयीचा आहे. त्यात साखर थोडी असली तरी चरबी बरीच असते. या पातेल्यात तो घालू नये.

एका वाढणीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके येतात, तंतू धरून. त्यावर हाल्लाचा एक पातळ तुकडा पुरे. किद्दूशला गोड वाइनऐवजी ड्राय वाइन घ्यावी.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवावी. जो इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतो, त्याने एकाएकी बटाटा व भात सोडला तर साखर फार खाली जाऊ शकते. आधी कुपात होलीमच्या डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मांस व चणे किती खावेत हेही विचारावे. पहिल्यांदा हे हामीन आठवड्याच्या एखाद्या साध्या दिवशी करून पाहावे व जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजावी. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. शब्बाथ असला तरी थांबू नये, कारण जीव वाचवणे हे शब्बाथहून मोठे आहे.

हे हामीन घरातील लहानमोठ्यांनी एकाच पातेल्यातून खावे. शब्बाथ शालोम!