जांभळ्या डागांची साक्ष

अंगास मार लागलेला नसता त्वचेवर जांभळे डाग उमटले, तर पुष्कळ लोक त्यांस उष्णतेचा विकार समजून स्वस्थ बसतात. वास्तविक त्वचेखालील सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त झिरपल्याने हे डाग पडतात. म्हणूनच बोटाने दाबले तरी ते फिके होत नाहीत. रक्त गोठविणाऱ्या कणांची न्यूनता, यकृताचे रोग, डेंग्यूसारखे ज्वर, रक्त पातळ करणारी औषधे व वार्धक्याने नाजूक झालेली त्वचा, ही त्यांची काही कारणे होत. सोबत तीव्र ज्वर, ताठरलेली मान किंवा गुंगी असल्यास क्षणाचाही विलंब न लावता रोग्यास रुग्णालयात न्यावे.

दुष्काळी मुलखात मात्र आणखी एका कारणाचा विचार अवश्य केला पाहिजे. ते कारण स्कर्व्ही. ताज्या फळांतील व भाजीपाल्यातील क जीवनसत्त्व एक ते तीन महिने मिळाले नाही, की हा रोग उद्भवतो. आरंभी थकवा व सांधेदुखी, पुढे पायांवर केसांच्या मुळांशी डाग, हिरड्यांतून रक्त, आणि उपेक्षा झाल्यास मृत्यू, असा त्याचा क्रम आहे.

धान्याने पोट भरते, पण हा रोग टळत नाही, हे दात्यांनी ध्यानी घ्यावे. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडाले. तेथील गरिबांस हे जीवनसत्त्व मुख्यतः बटाट्यापासूनच मिळे. त्याच्या जागी साहाय्य म्हणून आलेल्या मक्याच्या पिठात ते नव्हते. स्कर्व्ही पसरला, आणि पायांवरील डागांवरून लोक त्यास ‘काळा पाय’ म्हणू लागले.

उपाय अल्पमोली आहे. १७४७ साली जेम्स लिंड ह्या ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्याने १२ आजारी खलाशांवर सहा उपचार करून पाहिले. संत्री व लिंबू मिळालेले दोघे सर्वांआधी सुधारले. आजच्या हरियाणातील हिस्सार येथे १९३९-४० च्या दुष्काळात आवळा ह्याच कामी उपयोगी पडला. कोरड्या हरभऱ्यात किंवा मुगात हे सत्त्व जवळजवळ नसते. मोड येताच ते उत्पन्न होते, व फार शिजविल्याने बरेचसे नष्ट होते.

केवळ डागांवरून निकाल देऊ नये. तो अधिकार वैद्याचा. परंतु अन्नछत्रात येणाऱ्यांचे पाय व हिरड्या पाहणे कोणासही शक्य आहे. व्यापारी बंधूंनी ज्वारीच्या पोत्यांबरोबर अख्खे मूग व हरभरे, आणि बागाईतदारांनी लिंबे व आवळे धाडावे, ही नम्र विनंती. दिलेल्या धान्याचे पुण्य त्याविना अपुरे राहील.