बालरोगतज्ज्ञ व्हायचंय? आधी पूर्ण एक मिनिट श्वास मोजा

नाकाडोंगरी, गोबरवाही, चिखला या पट्ट्यातल्या पालकांचा दहावीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो: पोरगी हुशार आहे, डॉक्टर करायचं आहे, कोणती लाइन घ्यावी? बालरोग म्हटलं की चेहरा जरा उतरतो. हाडांच्या डॉक्टरकडे पैसा, हृदयाच्या डॉक्टरकडे मान आणि लहान मुलांच्या डॉक्टरकडे रडारड, असा समज. तो अगदीच खोटा नाही. या शाखेत मोठ्या शस्त्रक्रियांची बिलं नसतात, रुग्णाला दुखणं सांगता येत नाही आणि सोबत आलेली आजी बोलायची थांबत नाही. ज्याला त्या आजीचं ऐकून घेण्याचा कंटाळा आहे, त्याने ही वाट धरूच नये.

कामाचं स्वरूप एका उदाहरणाने कळेल. न्यूमोनियाची शंका असली की बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त भरले तर धोका. महागडं यंत्र लागत नाही, लागतो तो धीर. बाहेर रांग लागलेली असताना एक मिनिट नुसतं छातीकडे बघत बसणं वाटतं तितकं सोपं नाही.

या शाखेत आयुष्य घालवलेल्या माणसांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांचं नाव पालकांनी वाचायला हवं. मुंबईच्या शीव रुग्णालयात, म्हणजे महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, त्या नवजात शिशू विभाग सांभाळत. जंतुसंसर्गाने बाळं दगावत होती, परिचारिका अपुऱ्या होत्या. त्यांनी बाटली आणि डब्याचं दूध बंद केलं आणि आयांनाच विभागात आणून बाळाची देखभाल शिकवली. संसर्ग कमी झाला, मृत्यू घटले. १९८९ मध्ये तिथेच आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. पुढे त्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. पण बाळ आजारी पडण्याचं कारण बहुतेक वेळा वॉर्डाबाहेर, धारावीच्या खोलीत असतं, हे त्यांना दिसत होतं. म्हणून १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था उभी राहिली. एवढा पल्ला गाठायचा तर एका जागी टिकावं लागतं. माझ्या मते बालरोगतज्ज्ञाचं खरं भांडवल हेच.

आपल्या विदर्भातलं उदाहरण थोडं वेगळं आहे. डॉ. अभय बंग बालरोगतज्ज्ञ नाहीत. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत आहेत. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: त्या गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्यामागे हे काम आहे.

आता हिशेब. बारावी विज्ञान जीवशास्त्रासह, मग नीट. एमबीबीएस साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. नंतर नीट-पीजी आणि बालरोगात एमडी किंवा डीएनबी, तीन वर्षं. सरकारी महाविद्यालयात शिकलात तर शासकीय सेवेचं बंधपत्रही पाळायचं. म्हणजे ‘तज्ज्ञ’ म्हणून खुर्चीवर बसेपर्यंत तिशी जवळ येते, आणि तोवर शेजारच्या पोराने घर बांधलेलं असतं. ते पालकांना सोसेल का, हे आधीच बोलून घ्या. दिलाशाची गोष्ट एवढी की २०२४ मध्ये भंडाऱ्यात १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. गोंदियाचं २०१६ पासून आहेच.

सीमेलगतच्या गावांना एक इशारा. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र तर लागतंच, शिवाय काही अपवाद वगळता दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. बालाघाट जवळ पडतं म्हणून किंवा क्लासच्या नादाने अकरावी-बारावी राज्याबाहेर केलीत, तर गुण असूनही हा दरवाजा बंद. राखीव प्रवर्गातल्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाकावा. ऐन प्रवेशाच्या वेळी समितीच्या दारात उभं राहणारे पालक दरवर्षी दिसतात.

आणि नीटच्या तिसऱ्या ‘ड्रॉप’वर घर गहाण टाकू नका. लहान मुलांसाठीच काम करायचं असेल तर बीएस्सी नर्सिंग आहे. नवजात शिशू कक्षाचा भार परिचारिकाच वाहतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या त्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. तिथली जबाबदारी केवढी, हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. बीएएमएस झालेल्यांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातून अंगणवाड्या-शाळांतली मुलं तपासता येतात. आपल्या भागातल्या सिकलसेलच्या मुलांना तर वर्षानुवर्षं नीट पाठपुरावा करणारं माणूस हवं असतं.

येत्या सुटीत मुलीला क्लासची जाहिरात दाखवण्याआधी परवानगी काढून तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात लसीकरणाच्या दिवशी सकाळभर बसवा. दुपारी ती थकून आली आणि तरीही कुठल्या बाळाबद्दल सांगत राहिली, तर अर्ज भरा.