टेप लायब्ररीच्या वाटणीविषयी



टेप ठेवण्याचे शेकडो स्लॉट, त्या वाचणारे-लिहिणारे मोजके ड्राइव्ह आणि दोहोंमध्ये ने-आण करणारा रोबोट एका कपाटात एकत्र आले की स्वयंचलित टेप लायब्ररी होते. या कपाटाचे, प्रत्येक बॅकअप सॉफ्टवेअरला आपले स्वतंत्र यंत्र आहे असे दिसावे अशा रीतीने पाडलेले भाग म्हणजे पार्टिशन. हे काम प्रथमच हाती घेणारा अभियंता बहुधा स्लॉट मोजत बसतो, परंतु वाटणी ड्राइव्हपासून सुरू करावी, कारण स्लॉट मागाहून वाढवता येतात, बॅकअपला मिळणारी रात्र वाढवता येत नाही.

एलटीओ या टेपप्रकारातील, २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ पिढीच्या एका टेपवर, माहिती न आकुंचवता, १८ टेराबाइट मावतात आणि पूर्ण उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइट लिहितो, म्हणजे ती टेप भरायला साडेबारा तास लागतात. रात्रीच्या आठ तासांत एका ड्राइव्हकडून साडेअकरा टेराबाइटच्या आसपासच काम होते. मात्र गरजेहून जास्त ड्राइव्ह देणेही हिताचे नाही, कारण माहिती फार संथ आली तर टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते, आणि त्यात वेग घटून टेप व हेड दोन्ही झिजतात. शिवाय या पिढीची कोरी टेप पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेल्यावर तिची मापजुळणी व्हावी लागते. तिला कधी दोन तासही लागत असल्याने नवी खेप दिवसाच उरकावी.

पिढ्यांची सरमिसळ टाळावी. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचत. एलटीओ-८ पासून ही सोय एका पिढीवर आली आणि एलटीओ-१० ला जुनी एकही टेप वाचता येत नाही, म्हणून जुन्या संग्रहासाठी जुने ड्राइव्ह राखलेले वेगळे पार्टिशन असावे. बारकोडवरील सहा अक्षरी क्रमांकाची सुरुवातही प्रत्येक पार्टिशनला निराळी द्यावी, म्हणजे टेप चुकीच्या ताब्यात जात नाही. मागाहून वाढवता यावेत म्हणून काही स्लॉट कोणालाच न देता शिल्लक ठेवावेत.

भावाभावांत शेत वाटले तरी विहीर सामाईक राहते, तसा रोबोट सर्व पार्टिशनांचा एकच असतो. तो बंद पडला की सारेच थांबतात. त्यामुळे दोन पार्टिशनांत ठेवलेल्या दोन प्रतींना सुरक्षित प्रती मानणे ही घातक समजूत आहे. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीतच गेली पाहिजे, आणि तिचा खर्च वाटणीच्या आराखड्यात पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.