चारही चाकें ओढणारी गाडी आणि न दिसणारी गळती

मृगाचा पाऊस पडून गेला म्हणजे गोदाकांठची काळी जमीन कशी होते, हें गेवराई-माजलगांवाकडील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. उन्हाळ्यांत जिच्या भेगांत हात जातो, तीच माती पावसांत चाकाला अशी चिकटते कीं चाक मातीचाच गोळा बनतें. अशा वाटेनें आषाढांतील एका रात्रीं वाडीवरील आजारी माणसास तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाचें आहे, असें समजा. गाडी चारही चाकांनीं ओढणारी आहे. चालकानें कळ फिरविली, समोरचा दिवाही लागला; परंतु मागचीं चाकें जाग्यावर गरगरतात आणि पुढचीं स्वस्थ राहतात. दिवा खोटें बोलला काय? नाहीं. त्याला जेवढें ठाऊक तेवढेंच त्यानें सांगितलें. दिव्याला जें ठाऊक नाहीं तें कसें शोधावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठीं हवेच्या दाबाच्या धड्यापलीकडे फारसें ज्ञान लागत नाहीं.

रचना

बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागीं जो तुंबा असतो, त्यालाच मोटारीच्या भाषेंत हब म्हणतात. चारही चाकें ओढणाऱ्या गाडींत इंजिनाची शक्ति पुढच्या आंसासही पोंचवितां येते. परंतु डांबरी सडकेवर तिची गरज नसते. तेथें पुढचीं चाकें आंसाशीं जोडलेलीं राहिलीं, तर तीं आंतील दांडे व दांतेरी चक्रें विनाकारण फिरवीत बसतात; झीज होते व तेल जळतें. दुसऱ्या महायुद्धांतील जीपांची हीच अडचण होती. अमेरिकेंत आर्थर वॉर्न ह्यांनीं १९४८ सालीं स्थापिलेल्या कारखान्यानें युद्धांतून उरलेल्या जीपांकरितां जोडतां-सोडतां येणारे हब बनविले. जवळजवळ त्याच सुमारास मुंबईस महिंद्र कंपनीनें विलीज जीपांची जोडणी आरंभिली होती.

त्या हबांस एक उणीव होती. चालकानें चिखलांत उतरून दोन्ही चाकांवरील चकती हातानें फिरवावी लागे. ती दूर करण्यासाठीं पुढें कांहीं गाड्यांत हें काम हवेकडून करून घेऊं लागले. तुंब्यांत एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूची हवा बारीक नळीनें ओढून घेतली, कीं दुसऱ्या बाजूची बाहेरची हवा त्यास दाबते; पडदा सरकतो, त्याबरोबर दांतेरी कडें सरकतें आणि चाक व दांडा एकजीव होतात. हवा ओढण्याचें काम डिझेल गाडींत इंजिनावर चालणारा एक छोटा पंप करतो. पंपापासून एकाच दिशेनें उघडणारी झडप, निर्वात सांठविणारी डबी, विजेनें उघडणारी झडप आणि तेथून दोन चाकांकडे दोन नळ्या, असा हा मार्ग आहे. सर्वच गाड्यांत हीच रचना नसते. म्हणून हात घालण्यापूर्वीं त्या त्या गाडीची पुस्तिका अवश्य पाहावी.

ओढणारें कोण?

गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली ह्यानें १६४३ सालीं दाखवून दिलें, कीं हवेचा दाब समुद्रसपाटीवर ७६ सेंटिमीटर उंचीचा पारा तोलून धरतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोचा भार झाला. पोकळी कांहींच ओढीत नाहीं. बाहेरची हवाच ढकलते. आतां एक उदाहरण घेऊं. पडद्याचें क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर आहे आणि आंतील दाब ५० सेंटिमीटरांनीं कमी केला आहे. तर पडद्यावर सुमारें ३४ किलोंचा भार पडेल. गळतीमुळें हाच फरक १५ सेंटिमीटरांवर आला, तर भार १० किलोंवर येईल. मागील स्प्रिंग दाबण्यास २० किलो लागत असतील, तर कडें सरकणारच नाहीं. पंप चालू, दिवा चालू, आणि गाडी चिखलांत!

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंच आहे. तेथें पारा ७२ सेंटिमीटरांच्या आसपासच उभा राहतो. म्हणून मुंबईस जो पंप मापकावर जेवढा आंकडा दाखवील, त्याहून तीनचार सेंटिमीटर कमी तोच पंप बीडास दाखवील. हें न जाणणारा कारागीर चांगला पंपही फेंकून देईल.

विहिरीवरील धडा

गळती म्हटली कीं थेंब टपकला पाहिजे, असें आपणांस वाटतें. निर्वाताची गळती ह्याच्या उलट असते. तेथें बाहेर कांहींच येत नाहीं, बाहेरचें आंत जातें. आपल्या शेतकऱ्यांस हें पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. विहिरीवरील पंप चालतो पण पाणी येत नाहीं, तेव्हां ते म्हणतात, "मोटर हवा धरती." ओढनळीचा सांधा सुटलेला असतो, तरी त्यांतून थेंब गळत नाहीं, तेथून हवा आंत शिरते. हवा दहा मीटरांहून अधिक उंच पाणी ढकलूं शकत नाहीं, म्हणूनच तो पंप विहिरींत पाण्याजवळ उतरवून बसवितात.

ह्यामुळें पंक्चर काढणाऱ्याची रीत येथें चालत नाहीं. ट्यूब पाण्यांत बुडविली कीं बुडबुडे येतात, कारण आंत दाब अधिक असतो. निर्वाताच्या नळीवर साबणाचें पाणी लावलें तर तें आंत ओढलें जाईल. कोणी कोणी चालत्या इंजिनाजवळ पेट्रोलसारखा ज्वालाग्राही द्रव शिंपडून गळती हुडकतात. ती रीत जिवावर बेतणारी आहे. विद्यार्थ्यांनीं तिच्या वाटेस जाऊं नये.

परीक्षेचा क्रम

पहिली परीक्षा यंत्राची. कांहीं हबांवर आजही हातानें जोडण्याची चकती असते. ती फिरवून पुढचीं चाकें ओढूं लागलीं, तर दांते व दांडे निर्दोष आहेत आणि दोष हवेच्या मार्गांत किंवा त्यावरील विजेच्या झडपेंत आहे, असें ठरतें. एवढ्या एका गोष्टीनें पुष्कळ खर्च वांचतो. चकती नसेल तर जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं मागच्या चाकांस उटी लावून, पुढचें चाक उचलून व खालीं भक्कम टेकू देऊन पाहावें. जोडणीची कळ देऊन इंजिन बंद केल्यावर चाक हातानें मोकळें फिरलें आणि आंतील दांडा स्थिर राहिला, तर हब जोडला गेलेला नाहीं.

दुसरी परीक्षा उगमाची. पंपाच्या तोंडाशीं निर्वातमापक लावावा. तेथेंच आंकडा अपुरा असेल तर पुढें जाण्याचें कारण नाहीं. आंकडा ठीक असेल तर डबीशीं मापक लावून इंजिन बंद करावें. कांटा लगेच खालीं आला, तर एकदिशा झडप अथवा डबी दोषी समजावी.

तिसरी परीक्षा विभागणीची. विजेच्या झडपेपुढें दोन वाटा फुटतात. हातपंपानें एकेका वाटेंत ५० सेंटिमीटरांचा फरक उत्पन्न करून मिनिटभर कांट्याकडे पाहावें. कांटा उजवीकडे स्थिर राहिला व डावीकडे घसरला, तर निम्मी गाडी निर्दोष ठरली. मग डाव्या नळीचें चाकाकडील टोंक बंद करून पुन्हां पाहावें. आतां कांटा स्थिर राहिला तर दोष तुंब्यांत, नाहीं तर नळींत. दोन्ही वाटा स्थिर असतील, तर विजेची झडप व तिची तार पाहावी. दर वेळीं संशयाचा प्रदेश अर्धा होत जातो.

चौथी परीक्षा हालचालीची. मापक लावलेला असतांच सुकाणूचें चाक एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत वळवावें. पुष्कळ नळ्या सरळ असतां धड असतात आणि वळतांनाच त्यांची चीर उघडते. धुराच्या नळाजवळ तापून कडक झालेलें रबर, उंदरानें कुरतडलेली नळी आणि बेअरिंग बदलतांना दुमडलेलें तुंब्याचें रबरी कडें, हीं नेहमींचीं ठिकाणें होत.

तुंब्यांतील गळती चिखलांतच अडवून थांबत नाहीं. पाण्यांतून गाडी जातांना तीच फट चिखल-पाणी आंत ओढते आणि बेअरिंग खाते. शिवाय पुष्कळ डिझेल गाड्यांत तोच पंप ब्रेकासही साह्य करतो. पायाखालील ब्रेक एकाएकीं जड लागूं लागला, तर ती गाडी मांजरसुंब्याच्या घाटांत मुळींच नेऊं नये.

पालकांस एक विनंति आहे. गाडी दुरुस्तीस दिली असतां "हब बदला" असें कोणी म्हणाला, तर "मापक लावून पाहिलें काय?" एवढें नम्रपणें विचारावें. दोष बहुधा वीतभर नळींत असतो आणि दंड सबंध हबाचा बसतो. आणि विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें, कीं तपासल्यावांचून दोष ठेवणें हें यंत्राच्या बाबतींतही अन्यायाचेंच आहे. पावसाळ्याच्या तोंडीं, वैशाखांतच, अर्धा तास काढून ही परीक्षा करावी. आषाढांतल्या त्या रात्रीं मापक लावण्यास कोणाला वेळ नसतो.